नेत्यांची लोकप्रियता आणि तिच्या बातम्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका दैनिकात मी एकवीस वर्षे उपसंपादक होतो आणि निवृत्तीनंतर महाविद्यालयांत व वाचनालयांत ‘बातमी कशी वाचावी’ या विषयावर बोलत असतो. कार्यक्रमानंतर चिठ्ठ्यांवर आणि पुढे मोबाइलवर जे प्रश्न येतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकाच शंकेभोवती फिरतात: अमुक नेता खरोखरच एवढा लोकप्रिय आहे, की तसा दाखवला जातो? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथील क्रमांक नोंदवला आहे.

१. बातमीत ‘लोकप्रियता’ म्हणतात, तेव्हा नेमके काय मोजलेले असते?

मराठी बातम्यांत हा एकच शब्द किमान पाच निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो: नेता ठाऊक असणे, तो आवडणे, त्याच्या कामावर समाधान असणे, तो एखाद्या पदावर यावा असे वाटणे आणि त्याच्या पक्षाच्या उमेदवाराला प्रत्यक्ष मत देणे. ही पाच खाती वेगळी ठेवली नाहीत, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

याचे उदाहरण शोधायला सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना, २००४ मध्ये, त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा येथील लोकसभा निवडणुकीत सुभाष देशमुख यांनी पराभव केला. २०१४ मध्ये शिंदे देशाचे गृहमंत्री होते, शहरात त्यांना न ओळखणारा माणूस सापडणे अवघड होते, तरीही शरद बनसोडे यांनी त्यांना सुमारे दीड लाख मतांनी हरवले. २०१९ मध्ये ते पुन्हा हरले. २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे सुमारे ७४ हजार मतांनी निवडून आल्या. या वीस वर्षांत घराण्याची ओळख कमी झाली नव्हती आणि फारशी वाढलीही नव्हती. बदलले ते मत.

२. पक्षपाती बातमी म्हणजे खोटी बातमीच ना?

नाही. माझ्या अनुभवात निखळ खोटी बातमी क्वचितच छापली जाते, कारण ती दुसऱ्या दिवशी अंगाशी येते. पक्षपात चालतो तो निवडीतून. एकाच सर्वेक्षणातून ‘साठ टक्के जनता समाधानी’ आणि ‘दर पाचांत दोघे नाराज’ असे दोन मथळे निघू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. कोणता मथळा पहिल्या पानावर येतो, कोणता सातव्या पानाच्या तळाशी जातो आणि कोणता येतच नाही, हे रात्री साडेदहाच्या सुमारास टेबलावर ठरते.

दुसरी निवड क्रियापदांची. एक नेता ‘म्हणाला’, दुसऱ्याने ‘दावा केला’, तिसऱ्याने ‘कबूल केले’ आणि चौथा ‘कडाडला’, असे लिहिले की वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा हे आधीच सांगून झालेले असते. तिसरी निवड छायाचित्राची. व्यासपीठाच्या उंचीवरून, पुढच्या दहा रांगांवर रोखून काढलेल्या छायाचित्रात कोणतीही सभा भरगच्च दिसते. मैदानाच्या मागच्या टोकावरून काढलेल्या त्याच सभेच्या छायाचित्रात रिकाम्या खुर्च्या दिसतात. छायाचित्रकार दोन्ही घेऊन येतो. छापायला जागा एकाचीच असते.

३. लोकप्रियतेच्या सर्वेक्षणाची बातमी वाचताना आधी काय पाहावे?

किती लोकांना विचारले, कधी विचारले, कसे विचारले, प्रश्नाचे शब्द कोणते होते आणि खर्च कोणी केला, हे पाच तपशील पाहावेत. यांपैकी तीन तरी बातमीत नसतील, तर ती वाचली नाही म्हणून काही बिघडत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांचा आकडाही शोधावा. तो पुष्कळदा गाळलेला असतो आणि उरलेल्यांची टक्केवारी शंभरावर नेलेली असते, त्यामुळे पहिल्या क्रमांकाचा नेता आहे त्यापेक्षा उंच दिसतो.

नमुन्याच्या आकाराबद्दल एक हिशेब सोबत ठेवावा. नीट निवडलेल्या १,००० लोकांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा छापलेल्या आकड्याच्या किती वर-खाली असू शकतो ते अंतर, सुमारे तीन टक्के असते, ४०० लोकांच्या नमुन्यात ती पाच टक्क्यांपर्यंत जाते. आता महाराष्ट्रभर २,८८० लोकांचे सर्वेक्षण झाले असे धरू. विधानसभेचे मतदारसंघ २८८, म्हणजे प्रत्येकी दहा माणसे. सोलापूर जिल्ह्यातले मतदारसंघ ११, म्हणजे जिल्ह्यात ११० माणसे, आणि या ११० जणांवरून काढलेल्या आकड्याची त्रुटी नऊ टक्क्यांच्या वर जाते. राज्यासाठी हे सर्वेक्षण पुरेसे असेल. पण त्याच आधारावर ‘सोलापूर जिल्ह्यात कोणाचे पारडे जड’ अशी चौकट छापली, तर तो आकड्यांचा गैरवापर ठरतो, आणि अक्कलकोटमध्ये कोण पुढे हे दहा माणसांवरून सांगितले, तर ते भविष्य झाले.

४. एका नेत्याला ३८ टक्के आणि दुसऱ्याला ३४ टक्के पसंती आहे. पहिला पुढे आहे असे म्हणता येईल का?

नमुना १,००० लोकांचा असेल, तर म्हणता येणार नाही. प्रश्न ३ मधील तीन टक्क्यांची मर्यादा एकेका आकड्याची आहे. दोन नेत्यांमधील फरकाची मर्यादा त्याहून मोठी असते आणि या उदाहरणात ती सुमारे सव्वापाच टक्के येते. चार टक्क्यांचा फरक तिच्या आत बसतो, म्हणून प्रामाणिक मथळा ‘दोघांत चुरस’ असाच होऊ शकतो. मात्र ‘चुरस’ हा मथळा तीन दिवस सलग दिला की वाचक कंटाळतो, आणि ‘आघाडी’, ‘घसरण’, ‘मुसंडी’ हे शब्द तेथूनच येतात. मागच्या महिन्यात ३६ आणि या महिन्यात ३४ टक्के असतील, तरी ‘घसरण’ छापली जाते. प्रत्यक्षात काहीच घडलेले नसणे अगदी शक्य असते.

५. वाहिनीच्या ऑनलाइन मतचाचणीत लाखभर लोकांनी मत दिले. एवढा मोठा नमुना चुकीचा कसा असेल?

मोठा नमुना आणि चांगला नमुना यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या आणि त्यांच्या आधारे आल्फ लँडन अध्यक्ष होणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते दूरध्वनी पुस्तिका आणि मोटार नोंदणीच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात दूरध्वनी व मोटार कोणाकडे असणार हे उघड होते. शिवाय उत्तर पाठवण्याचे कष्ट चिडलेल्यांनीच अधिक घेतले. त्याच निवडणुकीत कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांचा अंदाज बरोबर आला.

वाहिनीच्या चाचणीत मत देतो तो त्या वाहिनीचा प्रेक्षक, आणि त्यातही पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘लगेच मत नोंदवा’ असा निरोप ज्याला मिळालेला असतो तो. त्या एक लाखातून फार तर कोणत्या पक्षाचे गट अधिक तत्पर आहेत, एवढेच कळते.

६. ‘जगातील सर्वात लोकप्रिय नेते’ ही बातमी दर काही महिन्यांनी येते. ती खरी आहे का?

बहुतेक वेळा ती अमेरिकेतील मॉर्निंग कन्सल्ट या कंपनीच्या आकड्यांवर आधारलेली असते आणि तीत पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रथम क्रमांकावर असतात. आकडा बनावट नाही, त्यामुळे ‘हे सगळे विकत घेतलेले आहे’ असे म्हणणारे पुराव्याशिवाय बोलतात. पण मथळाही बरोबर नाही. ही कंपनी प्रत्येक देशातील प्रौढांना त्यांच्याच नेत्याच्या कामाबद्दल इंटरनेटवरून विचारते आणि सात दिवसांची सरासरी देते. जपानमधील माणसाला भारताच्या पंतप्रधानांबद्दल किंवा अकलूजच्या माणसाला कॅनडाच्या पंतप्रधानांबद्दल कोणी काही विचारलेले नसते. म्हणून ‘आपापल्या देशात सर्वाधिक पसंती असलेले नेते’ एवढेच त्यातून म्हणता येते. शिवाय भारतातील नमुना साक्षर लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करतो, हे कंपनी स्वतःच सांगते. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ७४ टक्के होती, म्हणजे सुमारे चतुर्थांश लोक या चित्राच्या बाहेर राहतात. हा खुलासा मराठी बातमीत मी आजवर दोनदाच पाहिला, आणि त्यांतील एकदा तो मीच घातला होता.

७. ‘देशातील सर्वोत्तम मुख्यमंत्री’ यादीत मोठ्या राज्यांचेच मुख्यमंत्री वर का असतात?

प्रश्न देशभर विचारला, तर उत्तर देणाऱ्यांत उत्तर प्रदेशचे लोक मणिपूरच्या लोकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असणार, आणि माणूस सहसा आपल्याच मुख्यमंत्र्याचे नाव घेतो. म्हणून काही सर्वेक्षणे ‘आपल्या राज्यात किती लोक समाधानी’ अशी दुसरी यादीही देतात आणि तिचा क्रम पार वेगळा लागतो. बातमीत कोणती यादी घ्यायची, हे मात्र ज्याला त्याला सोयीने ठरवता येते.

दुसरी यादीही विजयाची हमी देत नाही. ओडिशाचे नवीन पटनाईक अशा याद्यांत वर्षानुवर्षे अग्रभागी होते. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १४७ पैकी ५१ जागा मिळाल्या, भाजपला ७८, आणि चोवीस वर्षांची सत्ता गेली. गंमत अशी की एकूण मते बिजू जनता दलालाच किंचित अधिक होती. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘पटनाईक यांना जनतेने नाकारले’ असे लिहिणाऱ्याने मते पाहिली नव्हती, जागा पाहिल्या होत्या.

८. सर्वेक्षण करणारे आमच्या भागात येतात, पण आमचे मत त्यात उतरत नाही. असे का?

हा प्रश्न शहराच्या पूर्व भागातून सर्वाधिक येतो आणि त्यामागे तथ्य आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा घराघरांत बोलल्या जातात. सर्वेक्षणाचा फॉर्म मात्र मराठीत, फार तर हिंदीत असतो.

एकदा मी अशाच एका सर्वेक्षकाबरोबर दुपारी फिरलो होतो. एका घराच्या ओट्यावर पन्नाशीच्या बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. कापलेले पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, आणि नजर एकदाही वर नाही, कारण संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या विड्या अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. मुलाने मराठीत विचारले, ‘मावशी, मुख्यमंत्री म्हणून तुमची पसंती कोणाला?’ बाईंनी आतल्या सुनेला तेलुगूत काहीतरी विचारले, सुनेने उत्तर देण्याआधीच आतून त्यांच्या यजमानांनी एक नाव पुकारले आणि मुलाने फॉर्मवर ‘स्त्री, ४६ ते ६०’ या रकान्यात ते नाव लिहून टाकले. त्या मुलाला मी दोष देत नाही. एका फॉर्ममागे मिळणाऱ्या पैशांत याहून जास्त वेळ तो देऊ शकत नव्हता. पण पुढे ‘महिलांमध्ये अमुक नेता आघाडीवर’ अशी बातमी वाचली की मला ते सूप आठवते.

दूरध्वनीवरच्या सर्वेक्षणात ही अडचण वाढते, कारण घरातला मोबाइल दिवसा बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, आणि यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाला खडखडाटात प्रश्न ऐकूच येत नाही. शिवाय अनोळखी माणसासमोर सत्ताधाऱ्याविरुद्ध बोलायला लोक बिचकतात.

९. सभेला ‘लाखाची गर्दी’ होती, हे खरे की नाही ते कसे तपासायचे?

गुंठ्यात मोजावे. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला साधारण साडेचार चौरस फूट जागा लागते, सैलसर गर्दीत दहा चौरस फूट. ही पद्धत अमेरिकेतील पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्यात सैलसर शंभर-सव्वाशे आणि खेटून उभी राहिली तर दोनशे चाळीस माणसे मावतात. तीन एकरांचे, म्हणजे १२० गुंठ्यांचे मैदान घेतले, तर सैल गर्दीत १३ हजार आणि पाय ठेवायला जागा नसेल तेव्हा २९ हजार. त्यातून व्यासपीठ, त्याच्या पुढची मोकळी सुरक्षा-जागा आणि बांबूंचे अडसर वजा करायचे असतात. खुर्च्या मांडल्या असतील, तर सैल गर्दीचाच आकडा धरावा.

हे गणित मी उशिरा शिकलो. आमच्याच अंकात एकदा अशाच तीनेक एकरांच्या मैदानावरील सभेला ‘लाखाचा जनसागर’ छापला गेला होता. आकडा पक्षाच्या प्रेस नोटमधला होता आणि मथळा मी दिला होता. दुसऱ्या दिवशी त्या मैदानाशेजारी राहणाऱ्या एका वाचकाने फक्त एवढेच विचारले की, बाकीचे सत्तर हजार लोक माझ्या गच्चीवर होते का?

१०. पण गर्दी खरी असेल, तर नेता लोकप्रिय आहेच ना?

गर्दी जमवता येणे ही संघटनेची ताकद आहे आणि तीही बातमीच आहे. ती लोकप्रियतेहून वेगळी आहे, एवढेच. तालुक्यातून गाड्या आलेल्या असतात, काही जण हेलिकॉप्टर पाहायला येतात, काही जण दोन्ही पक्षांच्या सभांना जातात. चांगला बातमीदार मैदानाबाहेर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट पाहतो आणि भाषण सुरू असताना किती लोक उठून जातात हे टिपतो.

११. पेड न्यूज ओळखायची कशी?

पेड न्यूज म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात. शब्दन् शब्द तोच मजकूर दोन दैनिकांत दोन वेगळ्या बातमीदारांच्या नावे आला, तर तो कोणी तिसऱ्यानेच लिहिला आहे असे समजावे. ‘प्रचंड प्रतिसाद’, ‘विजय निश्चित’, ‘माताभगिनींनी केले औक्षण’ असे सगळे आहे, पण प्रतिस्पर्ध्याचे नाव नाही, एकही अडचणीचा प्रश्न नाही आणि गावात कोणाशी बोलल्याची खूण नाही, हे दुसरे लक्षण. एकाच पानावर दोन उमेदवारांचा विजय निश्चित असल्याचे वाचायला मिळाले, तर शंकेलाही जागा उरत नाही.

महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर हा विषय देशभर गाजला. भारतीय प्रेस परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल लिहिला, परंतु परिषदेने आधी त्याचा संक्षेपच स्वीकारला आणि पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये खुला झाला. वृत्तपत्रांनी स्वतःविषयीची बातमी कशी हाताळली, याचा हा नमुना आहे. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशा मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगाने अपात्र ठरवले. मुद्दा खर्चाचा असतो: महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे, आणि बातमीच्या वेशातली जाहिरात त्या हिशेबातून निसटते.

यामागचे अर्थकारण वाचकांना फारसे सांगितले जात नाही. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांना पगार नसतो किंवा नावापुरता असतो आणि त्यांचे घर जाहिरातीच्या कमिशनवर चालते. ज्या पुढाऱ्याकडून दिवाळीची जाहिरात आणायची, त्याच्या सभेला गर्दी नव्हती असे त्याने लिहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

१२. वाढदिवसाच्या पुरवण्या आणि फ्लेक्स हेही पेड न्यूज आहे का?

पानावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असेल, तर नाही. ते अक्षर किती बारीक आहे, हा वेगळा प्रश्न. चौकातला ‘जनतेच्या मनातील आमदार’ हा फ्लेक्स जनतेच्या मनाबद्दल काही सांगत नाही. खाली छापलेली ‘शुभेच्छुकां’ची नावे मात्र वाचावीत, त्यांतून गटातटांची हालहवाल पेपरापेक्षा लवकर कळते.

१३. मतदानाच्या काळात असे अंदाज दाखवायला कायद्याने बंदी आहे ना?

अर्धी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी, म्हणजे एक्झिट पोल, कोठेही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मतदानपूर्व जनमत चाचणी मात्र केवळ मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत आणि तीही दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांवर दाखवता येत नाही. वृत्तपत्रांना ही दुसरी बंदी लागू नाही. म्हणून मतदानाच्या सकाळी ‘कौल कोणाकडे’ हे पेपरात वाचायला मिळू शकते.

१४. २०२४ मध्ये लोकसभेला एक कौल आणि सहा महिन्यांत विधानसभेला उलटा. लोकप्रियता एवढी बदलते का?

जागा बदलतात त्या वेगाने ती बदलत नाही. लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, तेव्हा ‘लाट’ हा शब्द सर्रास वापरला गेला. दोन्ही बाजूंच्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता. विधानसभेला महायुतीतील तीन मुख्य पक्षांनीच २३० जागा घेतल्या. या वेळी मतांचा फरकही मोठा होता, आणि मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली होती. म्हणजे पहिली ‘लाट’ बरीचशी मथळ्यातली होती, दुसरी बरीचशी खरी.

पण ती सगळीकडे खरी नव्हती. त्याच विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातील ११ पैकी सहा जागा विरोधकांकडे गेल्या. राज्याच्या मथळ्यात आपला जिल्हा असतोच असे नाही.

वाहिन्यांवरील अंदाजांचे म्हणाल, तर लोकसभेला बहुतेकांनी रालोआला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेसची सत्ता येणार असे सांगितले गेले आणि भाजप ९० पैकी ४८ जागा घेऊन परतला.

१५. सोशल मीडियावरचे व्ह्यूज तरी खोटे नसतात ना?

बरेचसे खरे असतात, पण प्रश्न १ मधील कोणत्या खात्यात जमा करायचे, ते ठरवावे लागेल. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे २०२२ मधील ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे गुवाहाटीहून केलेले संभाषण महाराष्ट्रात माहीत नसलेला माणूस विरळा. गाणी झाली, टी-शर्ट निघाले, वाहिन्यांनी त्यांच्या मुलाखतींचा सपाटा लावला. २०२४ मध्ये सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून आले.

गूगलवरील शोधांचे आलेख देणाऱ्या बातम्यांत आणखी एक घोळ असतो. सोलापुरात कोणी नुसते ‘शिंदे’ असे शोधले, तर ते सुशीलकुमार, प्रणिती की एकनाथ, हे यंत्राला कसे कळणार? ‘देशमुख’ शोधल्यास तर सुभाष आणि विजयकुमार हे दोन आमदार एकाच शहरात आहेत.

१६. आमच्या नेत्याच्या बातम्या कमी येतात. हा पक्षपात सिद्ध कसा करावा?

चौदा दिवसांचे अंक घ्यावेत, पट्टी घ्यावी आणि प्रत्येक नेत्याला मिळालेली जागा कॉलम सेंटीमीटरमध्ये वहीत लिहावी. जाहिराती वेगळ्या, छायाचित्रे वेगळी. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानदारांनी मोठ्या रागाने हे काम हाती घेतले आणि तिसऱ्या आठवड्यात वही दाखवायला आले. त्यांच्या नेत्याला जागा खरोखरच कमी होती. पण पालकमंत्र्यांच्या बैठका आणि उद्घाटने वगळल्यावर फरक पुष्कळ कमी झाला. सत्तेवरचा माणूस निर्णय घेतो म्हणून त्याची बातमी होते, त्यातली सगळीच मर्जी नसते. उरलेला फरक मात्र मर्जीचा होता, आणि तो दाखवायला त्यांच्याकडे आता आकडा होता. टीका करणाऱ्या बातम्याही याच वहीत मोजाव्यात, कारण एखाद्या नेत्यावर फक्त दोषाच्याच बातम्या येत असतील, तर तोही पक्षपातच आहे.

१७. तक्रार कोठे करायची?

वृत्तपत्राविरुद्ध आधी संपादकांना लेखी कळवावे आणि समाधान न झाल्यास प्रेस परिषदेकडे जावे. दैनिके व साप्ताहिकांसाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे. परिषद ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी आधी वाहिनीकडे आणि नंतर वृत्तप्रसारकांच्या स्वनियमन प्राधिकरणाकडे दाद मागता येते, पण ती वाहिनी त्या संघटनेची सदस्य असेल तरच. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातील माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे करावी. अंकाचे कात्रण तारखेसह जोडावे, नुसता फोटो जोडल्यास पान व आवृत्ती कळत नाही.

१८. लोकप्रियता ८०-९० टक्के असलेला नेता हरू शकतो का?

हरतो. आखाती युद्धानंतर, १९९१ च्या आरंभी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामाला गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के लोकांनी पसंती दिली होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बिल क्लिंटन यांच्याकडून हरले. युद्ध किंवा मोठे संकट आले की लोक सत्तेवरच्या नेत्यामागे उभे राहतात आणि त्या आठवड्यातला आकडा त्या आठवड्यापुरताच असतो. म्हणून प्रश्न ३ मध्ये ‘कधी विचारले’ हा तपशील दुसऱ्या क्रमांकावर आहे.

१९. मारकडवाडीत लोक म्हणत होते एक आणि यंत्रातून निघाले दुसरे. मग बातमीदाराने कोणावर विश्वास ठेवायचा?

माळशिरस तालुक्यातील या गावाबद्दल दोन्ही बाजूंचे वाचक मला विचारतात आणि दोघांनाही माझे उत्तर आवडत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरसमधून शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर निवडून आले, पण या गावात भाजपचे राम सातपुते यांना त्यांच्यापेक्षा अधिक मते मिळाली. आमच्या गावात असे होणेच शक्य नाही, असे म्हणत जानकर समर्थकांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरवले, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही. त्यानंतर आठवडाभर गावात कॅमेरे होते. कोणाच्या बातमीत हा लोकशाहीचा लढा होता, कोणाच्या बातमीत स्टंट, आणि दोन्हीकडे चावडीवर भेटलेल्या पाच-सहा जणांच्या बाइटवर ‘गावाचे मत’ ठरवले गेले.

चावडीवर मोठ्याने बोलणारे आणि गुप्त मतदान करणारे हे एकच लोक असतात असे धरून चालणे, ही येथली मूळ चूक होती. उलट गावाची समजूत चुकीचीच असणार असे न तपासता सांगणे, ही दुसरी. तपासण्यासारखे मात्र होते. प्रत्येक निवडणुकीनंतर फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रनिहाय मते जाहीर होतात. त्या गावातील केंद्रांवर २०१४ आणि २०१९ मध्ये आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला कोणाला किती मते पडली होती, शेजारच्या गावांत काय झाले होते, हे चार तक्ते शेजारी ठेवले असते, तर वाचकाला स्वतः काही ठरवता आले असते. मी त्या आठवड्यात पाहिलेल्या बातम्यांत हे तक्ते कोठेही नव्हते. ड्रोनने टिपलेली गावाची दृश्ये मात्र सगळ्यांकडे होती.